काल म्हापशाला गेले होते, पण इंग्रजीत ‘हॅड’ नको

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंचा आहे. त्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असतात. रात्रपाळी संपली की लॉगबुकात इंग्रजीतून चार ओळी लिहून सकाळच्या माणसाला हँडओव्हर द्यायचा. मागच्या आठवड्यात मॅनेजरने त्यांच्या ओळींभोवती लाल पेनाने गोल केला आणि शेजारी एवढंच लिहिलं: ‘टेन्सेस!’ त्या विचारतात, ‘बारा काळांचा तक्ता मला आजही पाठ आहे. पण लिहायला बसलं की डिड, हॅव आणि हॅड यातलं कुठलं घ्यायचं तेच कळत नाही. मराठीतून विचार करणं सोडल्याशिवाय हे जमणारच नाही का?’

त्यांच्या ओळी अशा होत्या:

‘गेस्ट हॅड कम्प्लेन्ड अबाउट दि एसी यस्टर्डे अ‍ॅट नाइन पीएम. आय हॅव इन्फॉर्म्ड मेन्टेनन्स यस्टर्डे नाइट. टेक्निशियन डिड नॉट केम. आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स अँड धिस इज द फर्स्ट टाइम.’

ताई, मराठीतून विचार करणं सोडू नका. मी सत्तावीस वर्षं डिचोली तालुक्यात पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळा आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजी, हा उंबरठा तुम्हीही ओलांडला असेल. त्या उंबरठ्यावर अडखळणारी मुलं मी ढिगाने पाहिली. त्यांच्या चुका वाटेल तशा नसायच्या. दर वर्षी त्याच, त्याच जागी, जणू वहीतून वहीत उतरवलेल्या. चूक अशी ठरलेल्या जागी होत असेल तर तिच्यामागे काहीतरी नियम असतोच. तुमच्या चारही चुकांमागे मराठीचा एकेक चोख नियम आहे. तो ओळखला की पुढचं सोपं आहे.

सगळ्यात मोठा गुन्हेगार पहिल्या वाक्यात बसलाय, म्हणून तिथेच जास्त वेळ थांबते.

‘काल मी म्हापशाला गेले होते.’ शेजारणीने ‘काल दिसला नाहीत?’ असं विचारलं तर आपण हेच म्हणतो. नुसतं ‘काल मी म्हापशाला गेले’ म्हटलं तर ती ‘मग?’ म्हणून पुढची गोष्ट ऐकायला थांबेल. ‘गेले होते’ म्हटलं की विषय मिटतो: गेले, परत आले, संपलं. ‘मी तुम्हाला फोन केला होता’ यात ‘तुम्ही उचलला नाही’ हे न बोलता येतं. ‘१९८६ साली मांडवीचा पूल कोसळला होता’ असं आपण सहज म्हणतो, कारण ती गोष्ट जुनी झाली, आता तिथे पूल आहेत. म्हणजे मराठीतला हा ‘होता’ सांगतो की प्रकरण मागे पडलं आणि आजची परिस्थिती वेगळी आहे. कोंकणीतही तेच. ‘हांव काल म्हापशां गेल्लें’ म्हणणाऱ्या मुलीची इंग्रजी वही आणि मराठी बोलणाऱ्या मुलीची इंग्रजी वही मला कधी वेगळी ओळखता आली नाही.

इंग्रजीतला ‘हॅड’ यातलं काहीही सांगत नाही. त्याचं काम एकच. भूतकाळात एक खुंटी आधीच ठोकलेली असते आणि ‘हॅड’ त्या खुंटीच्याही मागे काय घडलं ते दाखवतो. खुंटी नसेल तर ‘हॅड’ टांगायला जागाच नाही. म्हणून ‘आय हॅड गॉन टु म्हापसा यस्टर्डे’ ऐकल्यावर इंग्रज माणूस मनात म्हणतो: बरं, तू गेली होतीस, आणि तेवढ्यात काय झालं? तो दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो आणि ती येतच नाही. साधं ‘आय वेन्ट’ म्हणायचं. पूल ‘कोलॅप्स्ड इन १९८६’. फोन? ‘आय कॉल्ड यू.’ तुमचा गेस्ट ‘कम्प्लेन्ड अ‍ॅट नाइन’.

या गोंधळात शाळेच्या व्याकरणाचाही हात आहे, आणि मीही तेच शिकवत आले, म्हणून माझाही. मराठीच्या तासाला ‘गेला होता’ हा पूर्ण भूतकाळ. पुढच्याच तासाला इंग्रजीच्या बाई फळ्यावर ‘हॅड गॉन’ लिहितात आणि त्याच्याही खाली पूर्ण भूतकाळ. नाव एक, म्हणून मुलं काम एक धरतात. त्यात दोष मुलांचा काय? दोन गावांत एकाच आडनावाची दोन घराणी असावीत, तसं आहे हे.

खरा ‘हॅड’ कसा असतो ते दाखवायला मला केसरबाई फार उपयोगी पडतात. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. त्यांनी गायलेली ‘जात कहां हो’ ही भैरवी ‘नासा’ने अंतराळात धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत आहे, हे तुम्ही ऐकलंच असेल. व्हॉयेजर वन ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. आता हे एका वाक्यात सांगायचं: ‘व्हेन केसरबाई डाइड, व्हॉयेजर वन हॅड ऑलरेडी लेफ्ट दि अर्थ.’ केसरबाईंचं जाणं ही खुंटी. यान तिच्याही आधी अकरा दिवस निघालं. इथे ‘हॅड’ काढून ‘लेफ्ट’ लिहिलं तर त्या गेल्या आणि त्याच वेळी यान सुटलं, असा भलताच अर्थ डोकावतो. ‘हॅड’ आपली मजुरी इथे वसूल करतो.

आणि हेच वाक्य घटना घडल्या त्याच क्रमाने लिहिलं तर? ‘व्हॉयेजर वन लेफ्ट दि अर्थ ऑन सप्टेंबर ५. इलेव्हन डेज लेटर, केसरबाई डाइड.’ कुठेच ‘हॅड’ नाही, आणि तो लागतही नाही. जे आधी घडलं ते आधी लिहिलं, बस्स. लॉगबुकासाठी माझा सल्ला हाच. गेस्टने फोन केला, मी नोंद केली, मेन्टेनन्सला कळवलं, कोणी आलं नाही. घड्याळाच्या क्रमाने लिहीत गेलात तर आख्ख्या पानावर ‘हॅड’ची गरज पडणार नाही. मध्येच मान वळवून मागचं काही सांगावंसं वाटलं, तरच तो काढा.

रिसेप्शनवर मान वळवायची एक जागा मात्र रोज येते. दुसऱ्याने काय सांगितलं ते लिहिताना. समजा गेस्ट नऊला फोनवर म्हणाले, ‘दि एसी स्टॉप्ड अ‍ॅट एट.’ ते नऊला बोलले, एसी आठला बंद पडला. तुम्ही लिहिणार सकाळी सहाला. नऊची खुंटी, तिच्या मागे आठ. ‘द गेस्ट सेड दॅट दि एसी हॅड स्टॉप्ड अ‍ॅट एट.’ हा ‘हॅड’ अगदी जागच्या जागी आहे. नेमका इथे मात्र आपल्याला तो सुचत नाही, कारण मराठी भाषा समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं उचलते: ‘गेस्ट म्हणाले की एसी बंद पडलाय.’ मराठीत दुसऱ्याचं वाक्य आपल्या काळात ओढून आणावं लागत नाही. इंग्रजीत बहुतेक वेळा लागतं. नको तिथे ‘हॅड’ आणि हवा तिथे नाही, असं होतं ते यामुळे. (‘एसी चालत नाही’ एवढंच ते म्हणाले असतील, तर ‘सेड दि एसी वॉज नॉट वर्किंग’ पुरे.)

आता दुसरी ओळ. ‘आय हॅव इन्फॉर्म्ड मेन्टेनन्स यस्टर्डे नाइट.’ यातलं ‘आय हॅव इन्फॉर्म्ड’ चुकीचं नाही, ‘यस्टर्डे नाइट’ही नाही. दोघांना एका खोलीत ठेवलंत ही चूक. तसं पाहिलं तर ‘हॅव’ आणि मराठीचा ‘आहे’ यांचं चांगलं जमतं. ‘मी कळवलंय’ म्हणजे ‘आय हॅव इन्फॉर्म्ड’. ‘किल्ली हरवलीय’ म्हणजे ‘हॅज लॉस्ट द की’, अजून सापडलेली नाही. दोन्ही भाषांत मागच्या कामाचा धागा आजपर्यंत येतो. फरक एवढाच की मराठीत त्या धाग्याला तारखेची चिठ्ठी बांधता येते: ‘मी त्यांना कालच सांगितलंय.’ इंग्रजीला हे चालत नाही. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट नाइट’, ‘टू डेज अगो’, ‘अ‍ॅट नाइन’, ‘इन २०१९’ असा संपलेल्या वेळेचा शब्द वाक्यात आला की ‘हॅव’ने उठून जायचं. ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर दिलंत की साधा भूतकाळ, इतकं लक्षात ठेवलंत तरी निम्मे लाल गोल कमी होतील. आणि ‘यस्टर्डे नाइट’पेक्षा ‘लास्ट नाइट’ म्हणतात.

मांडवीवरच्या आपल्या अटल सेतूवरून बघा. ‘इट ओपन्ड इन जानेवारी २०१९’: तारीख आली, साधा भूतकाळ. ‘आय हॅव क्रॉस्ड इट मेनी टाइम्स’: कधी ते सांगितलं नाही, आणि उद्याही मी तो ओलांडू शकते. केसरबाईंबद्दल मात्र ‘केसरबाई हॅज संग धिस राग’ असं लिहायला इंग्रजी बिचकते, कारण ‘हॅज’ म्हटलं की ते माणूस अजून गाऊ शकतं असं वाटतं. ‘केसरबाई सँग.’ यानाचं उलट. ते अजून चाललंय, म्हणून ‘हॅज बीन ट्रॅव्हलिंग सिन्स १९७७’. शाळेत मी मुलांना विचारायची, ‘धागा तुटला की आहे?’ मागच्या बाकावरून उत्तर यायचं, ‘टीचर, धागा सूर्यमालेच्या बाहेर गेला!’ खोटं नव्हतं, २०१२ साली व्हॉयेजर वन ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलंच.

‘टुडे’ आणि ‘धिस मॉर्निंग’ हे शब्द सरड्यासारखे आहेत. सकाळी दहाला ‘आय हॅव टेकन सिक्स चेक-इन्स धिस मॉर्निंग’ चालतं, सकाळ अजून चालू आहे. संध्याकाळी पाचला तीच गोष्ट ‘आय टुक’. फार डोकं खाजवू नका, यावर कोणी लाल गोल करणार नाही. इंग्रजी पेपर वाचताना मात्र एक खूण बघा. बातमीचं पहिलं वाक्य बऱ्याचदा ‘हॅव’चं असतं (अमुक सरकारने अमुक जाहीर केलंय), आणि लगेच दुसऱ्या वाक्यात वार, वेळ, ठिकाण आलं की साधा भूतकाळ सुरू. हँडओव्हर असाच लिहिता येतो.

‘हॅव’ची आणखी दोन विघ्नं, खास काउंटरवरची. मॅनेजर पणजीला गेलेत, इथे नाहीत: ‘हॅज गॉन टु पणजी’. पणजीला जाऊन आलेत, केबिनमध्ये आहेत: ‘हॅज बीन टु पणजी’. ‘गॉन’ म्हणजे गेलेत आणि ‘बीन’ म्हणजे जाऊन आलेत, अशी सरळ जोडी लावा. मराठीने हा फरक आयता करून ठेवलाय, फायदा घ्या. दुसरं म्हणजे ‘गेस्ट झोपलेत’, ‘पाहुणे लॉबीत बसलेत’. मराठीत हे रूप ‘आलेत’, ‘गेलेत’सारखंच दिसतं, म्हणून ‘द गेस्ट हॅज स्लेप्ट’ लिहिलं जातं. पण आपल्याला त्यांची आत्ताची स्थिती सांगायची असते. तिथे ‘इज स्लीपिंग’, ‘आर सिटिंग इन द लॉबी’. ‘हॅज स्लेप्ट’ वाचून समोरचा समजेल की यांची झोप झाली, आता चहा पाठवा.

तिसरी ओळ, ‘डिड नॉट केम’. ही चूक निव्वळ आळसाची, असं मी बरीच वर्षं समजत होते. मग एकदा लक्षात आलं की तीही मराठीचीच. ‘तो आला नाही.’ भूतकाळ ‘आला’मध्ये आहे, ‘नाही’ला काळाची काही पर्वा नाही. इंग्रजीत ओझं उलट बाजूला: ‘डिड’ काळ उचलतो आणि मूळ क्रियापद मोकळं होतं. मराठीत याचा नमुना हवा असेल तर ‘येऊ शकला’ घ्या. ‘शकला’ने भूतकाळ घेतला म्हणून ‘येऊ’ साधं राहिलं. तिथे आपण चुकूनही ‘आला शकला’ म्हणत नाही. ‘डिड’ला ‘शकला’सारखा मान द्या: ‘डिड नॉट कम’, ‘डिड ही कम?’

चौथी ओळ सगळ्या भारताची आहे, एकट्या तुमची नाही. ‘मी तीन वर्षांपासून इथे काम करतेय’ हे मराठीत वर्तमानकाळात, कारण काम आजही चालू आहे. इंग्रजी म्हणते, चालू आहे खरं, पण सुरू मागे झालं ना, मग दोन्ही दाखव: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर.’ शिवाय आपला ‘पासून’ मोठ्या मनाचा. ‘तीन वर्षांपासून’ही चालतं आणि ‘२०२२ पासून’ही. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’: ‘फॉर थ्री इयर्स’, ‘सिन्स २०२२’. आणि इथे साधा भूतकाळ घालायच्या मोहात पडू नका. ‘आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ म्हणजे नोकरी सोडली! माझ्या एका विद्यार्थिनीने दुसरीकडे अर्ज करताना आपल्या चालू नोकरीबद्दल हे वाक्य लिहिलं, आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला की तुम्ही ती जागा का सोडली. बिचारी सकाळी ड्यूटी करून तिथे गेली होती.

‘वॉज’ लावून ‘आयएनजी’वालं रूप तुमच्या ओळींत नाही, म्हणून थोडक्यात. ‘वीज गेली तेव्हा मी टाइप करत होते’ हे ‘आय वॉज टाइपिंग व्हेन द पॉवर वेन्ट’, इथपर्यंत सरळ. पण ‘लग्नाआधी मी वेर्ण्याला काम करत होते’ यातला ‘करत होते’ वेगळा. कुठल्या एका क्षणाची ही गोष्ट नाही, तो तेव्हाचा परिपाठ आहे. तिथे ‘आय वर्क्ड इन वेर्णा’ किंवा ‘युज्ड टु वर्क’. मराठीत ‘करायचे’ म्हणून बघा. ‘मी वेर्ण्याला काम करायचे’ चपखल बसलं की ‘वॉज वर्किंग’ सोडून द्या.

एक गोष्ट मॅनेजरसाठी. अमेरिकन पाहुणे ‘डिड यू ईट येट?’, ‘आय ऑलरेडी टोल्ड हिम’ असं बोलतात, ब्रिटिश तिथे बहुधा ‘हॅव यू ईटन?’ म्हणतील. दोन्ही बरोबर. शाळेत आपण ब्रिटिश वळण शिकलो म्हणून अमेरिकन वळणाभोवती गोल करायचं कारण नाही. आणि ‘हॅड कम्प्लेन्ड यस्टर्डे’ हे तर देशभरातल्या ऑफिसांत इतकं चालतं की आपल्या आपल्यात ते कोणाला खटकतही नाही. खटकतं ते बाहेरच्या वाचकाला, आणि हॉटेलच्या लॉगबुकाला बाहेरचा वाचक कधीही मिळू शकतो.

कमीपणा मात्र वाटून घेऊ नका. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला, आपल्या भाषा शिकला, मराठीत ओव्या रचल्या आणि कोंकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली रायतूरला छापलं गेलं. त्याच्या मातृभाषेत ‘आय एट’ म्हटलं की झालं, मग आंबा खा नाहीतर पोळी. इथे ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी केळं खाल्लं’. खाणारा तोच, आणि क्रियापद बघतं ताटातल्या पदार्थाकडे! हा भूतकाळ तुम्ही शाळेत जायच्या आधीच शिकलात. त्यापुढे ‘डिड’ आणि ‘हॅव’ किरकोळ.

तर तुमच्या ओळी मी अशा लिहीन:

‘द गेस्ट कॉल्ड अ‍ॅट नाइन पीएम अँड सेड दॅट दि एसी हॅड स्टॉप्ड अ‍ॅट एट. आय इन्फॉर्म्ड मेन्टेनन्स अ‍ॅट नाइन-टेन. द टेक्निशियन डिड नॉट कम. आय हॅव इन्फॉर्म्ड द मॉर्निंग शिफ्ट.’

शेवटच्या वाक्यात ‘हॅव’ का, ते तुम्हाला आता दिसेल: वेळ दिलेली नाही, आणि काम सकाळच्या माणसाकडे अजून चालू आहे. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स अँड धिस इज द फर्स्ट टाइम धिस हॅज हॅपन्ड’ हे वाक्य आता व्याकरणात बिनचूक आहे. तरी लॉगबुकातून काढून टाका, ती तक्रार मॅनेजरला तोंडी सांगा. एका बंद एसीच्या नोंदीत तुमच्या नोकरीचा इतिहास कशाला?

आणि फोनवर बोलताना एका जागी मराठीचा ‘होता’ डोळे मिटून इंग्रजीत न्या. ‘मला जरा विचारायचं होतं’ असं आपण आत्ताच्याच गोष्टीबद्दल म्हणतो, नुसतं अदबीने. इंग्रजीतही ‘आय वॉन्टेड टु आस्क’ म्हणतात, तितक्याच अदबीने, तेही आत्ताच्याच गोष्टीबद्दल. गेस्टला चेक-आउटची वेळ विचारताना ‘आय वॉन्ट टु आस्क’ऐवजी हे म्हणून बघा. फक्त त्यातही ‘हॅड’ घालू नका.